कोंडूचं बारसं

आमच्या सरांच्या क्लासला नाव नव्हतं. महाडच्या बाजारपेठेत एका दवाखान्याच्या माडीवर तो भरायचा आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, 'येथे कॉम्प्युटर शिकवतात'. पाटी रंगवायला आलेल्या पेंटरने रीतसर विचारलं होतं, "नाव काय टाकू?" सर बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले आणि म्हणाले, "इथे काय करतात ते लिहा ना. नाव कशाला?" आसपासच्या क्लासांच्या पाट्यांवर 'ग्लोबल' काय, 'फ्यूचर' काय, आणि आमची ही अशी. गावात मग आम्हाला 'येथेवाले' म्हणायला लागले. मुलगी कुठे नोकरीला आहे, असं कुणी विचारलं की माझी आई तोंड जरा वाकडं करून सांगायची, "त्या येथेवाल्यांकडे."

बी.कॉम. होऊन मी घरी बसले होते. लग्न ठरेपर्यंत काहीतरी शीक म्हणून वडिलांनी मला तिथे धाडलं. शिकायला गेले आणि शिकवायला राहिले. लग्न ठरायला वेळ लागला हे माझं भाग्यच म्हणायचं, नाहीतर हा माणूस मला इतक्या जवळून बघायला मिळाला नसता.

सर उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. गाव पोलादपूरच्या पलीकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. कुठल्याशा सरकारी खात्यातली चांगली नोकरी त्यांनी सोडली होती. का सोडली विचारलं तर म्हणायचे, "तिथे वीज जात नव्हती हो. वीज गेल्याशिवाय विचार कधी करायचा?" महाडात विचार करायला भरपूर सवड होती. वीज गेली की पोरं हुश्श करायची, मी कपाळाला हात लावायची आणि सर खिडकीशी बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर प्रोग्राम लिहायचे. अख्ख्या बाजारपेठेला हे ठाऊक होतं. लग्नसराई संपली की लोक पत्रिकांचे गठ्ठे आणून द्यायचे. त्यामुळे सरांच्या प्रत्येक प्रोग्रामच्या मागे कुणाचं तरी लग्न असायचं.

मशीनने चूक दाखवली की सर चिडत नसत. पडद्यावरची इंग्रजी ओळ ते मोठ्याने वाचायचे आणि वर आम्हालाच सांगायचे, "बघा, काय म्हणणं आहे त्यांचं." जणू सासरहून कुणाचं तक्रारीचं पत्र आलंय. दर सोमवारी सगळे कीबोर्ड उलटे करून झटकायचे हा त्यांचा दुसरा नेम. त्यातून काय काय पडायचं ते सांगत नाही, पण पोरं डबा कुठे खातात ते तेवढ्यावरून कळायचं.

आणि नावं. नाव या प्रकाराशी त्यांचं वाकडंच होतं. माणसांना ते नावाने हाक मारत नसत. विसरायचे म्हणावं तर प्रत्येकाच्या घरची इत्थंभूत माहिती त्यांना असायची. पण हाक गावाने. "अहो पाचाड, माउस धरलाय की बेडूक?" "बिरवाडी, उठा आता, वेळ झाली तुमची." एकाच गावचे दोघे आले की पंचाईत व्हायची, मग एक 'वरचे पाचाड' आणि एक 'खालचे पाचाड'. मी महाडचीच, आणि महाडच्या मुली तिथे ढीगभर, म्हणून मी नुसती 'बाई' झाले. अहोजाहो मात्र सगळ्यांना. माडीवर येणाऱ्या मांजरीलासुद्धा "सरका जरा" म्हणायचे. स्वतःच्या मुलीच्या वेळी, नाव ठेवणं हे रीतीने आत्याचं काम, हे लक्षात आल्यावर ते इतके खूश झाले, की बहिणीला त्यांनी वर एक जास्तीची साडी घेतली. हे वहिनी सांगायच्या.

वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, पोलादपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रोज एसटीने जाऊन येऊन. घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि क्लास देवाच्या भरवशावर. बोलायला एकदम सडेतोड. सरांच्या मशीनमध्ये फायलींची नावं 'अ', 'अअ', 'नवीन', 'नवीन जुनं', 'हे', 'हेच' अशी असायची. वहिनींनी केलेली चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका 'नवीन जुनं'मध्ये गाडली गेली, त्या दिवशी वहिनी जे बोलल्या ते दवाखान्यातल्या पेशंटांनीही ऐकलं.

खरं तर सगळ्याची सुरुवात वहिनींच्या वैतागातूनच झाली होती. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी लिहिणं म्हणजे दिव्य. एका दुकानातल्या मशीनवर टाइप केलेलं दुसरीकडे उघडलं की पडद्यावर किडेमुंग्या. चांगले प्रोग्राम महाग, त्यांना कुलपं, आणि ते चालायला नवी मशीनं हवीत. वहिनींच्या शाळेला कुणीतरी दान दिलेलं एक जुनाट मशीन होतं, त्यावर पोरांसाठी साधा धडा टाइप करता येत नव्हता. एका फ्लॉपीत मावेल, जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालेल आणि मराठी नीट लिहील असा प्रोग्राम करायचा, हे सरांनी मनात घेतलं ते तिथून.

मी बघत होते तो या कामाचा तिसरा अवतार. पहिला प्रोग्राम क्लास तळमजल्यावर होता तेव्हाचा. त्याला सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच हौसेने नाव दिलं होतं, 'अक्षय'. त्याच पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. ते शिरतंच, पण त्या वर्षी नेहमीपेक्षा वर चढलं. मशीन आणि फ्लॉप्यांचा डबा, सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर सर आणि वहिनी फ्लॉप्या धुऊन दोरीवर वाळत घालत होते आणि समोरचा किराणावाला त्यांच्याकडे बघत उभा होता, हे त्याने स्वतः मला सांगितलं. हसत सांगायला सुरुवात केली आणि मग तागडी पुसायला लागला.

दुसऱ्या खेपेला पुण्याचे एक गृहस्थ भागीदार म्हणून आले. "नाव मी ठेवतो, तुम्ही फक्त लिहा," म्हणाले. सरांना तेवढंच हवं होतं. प्रोग्राम पुरा झाला, गृहस्थांनी त्याला 'सम्राट' जोडलेलं कसलंसं भारदस्त नाव दिलं, कुलूप लावलं आणि स्वतःच्या नावावर विकायला काढला. सरांना आपलाच प्रोग्राम उघडायला किल्ली मागायची वेळ आली. ती काही मिळाली नाही.

तिसऱ्याला मग त्यांनी नावच दिलं नाही. मशीनमध्ये तो 'हेच' या फायलीत होता. आम्हीही त्याला 'हेच' म्हणायचो. "सर, हेच अडकलं," "हेच चालू करू का?" असलं बोलणं बाहेरच्या माणसाने ऐकलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. एकदा वहिनी मला जिन्यात थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "हे तिसरं आहे, बाई. मला म्हणालेत, हेही गेलं तर मी परत मशीनसमोर बसणार नाही. आणि ते तसंच करतील." वहिनींचा आवाज असा उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून 'हेच'ची काळजी मलाही लागली.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांत एक 'कापडे' होते. कापडे गावाच्या वर डोंगरात वाडी आहे, तिथले. घरी गुरं आणि भातशेती. हा मुलगा रोज डोंगर उतरून, एसटी पकडून क्लासला यायचा. पुढे मुंबईला एका कॉम्प्युटर कंपनीत लागला, सुट्टीवर आला की आधी माडीवर आणि मग घरी. त्यानेच सरांच्या डोक्यात किडा सोडला.

"सर, लॉक लावून काय झालं मागच्या टायमाला? आता उलटं करा. एकदम ओपन टाका. इंटरनेटवर एक जागा हाय, तिथं असले प्रोग्राम फुकट ठेवतात. नुसता चालवायला नाय, आतून कसा लिवलाय ते पन दिसतं. कोनी बी उघडावा, सुदारावा, पुढं द्यावा."

"आणि नेला कोणी तर?" सरांनी विचारलं.

"न्यावा म्हनूनच ठेवायचा, सर."

वहिनी शाळेतून परस्पर तिथे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकदा घर फोडून नेलं, आता दारच उघडं टाकताय. छान." कापडे बिचारा ओशाळला. दोन-चार दिवसांनी सरांनी मला मोडेम लावायला सांगितला. मोडेमची किंचाळी थांबली आणि ती जागा पडद्यावर आली. भरायच्या रकान्यांत पहिलाच रकाना होता, प्रोग्रामचं नाव. तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं. मी रिकामा ठेवून पाहिला. लाल अक्षरांत ओरड आली. सरांनी ती नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बघा. नाव सांगा म्हणतायत. आली का पंचाईत?"

मग नावांचा मोसमच सुरू झाला. खालचे डॉक्टर पेशंट तपासता तपासता नावं सुचवायला लागले, त्यातली निम्मी औषधांसारखी वाटायची. किराणावाल्याचं म्हणणं, आपण गडाच्या पायथ्याची माणसं, महाराजांच्या नावाशिवाय दुसरं नाव शोभणारच नाही. सरांनी कानाला हात लावले. "अहो, प्रोग्राम आहे तो. अडकणार, बंद पडणार, लोक त्याला शिव्या घालणार. ते पाप कुणी घ्यायचं?" मी 'लेखणी' सुचवलं. कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं. 'बोरू', 'टाक' तीही गेलेली. मी वैतागून म्हटलं, "मग 'हेच' ठेवा की. इतके दिवस तेच म्हणतोय."

"ते नाव नाही, बाई. ते नुसतं बोट दाखवणं झालं."

असं करत अख्खा उन्हाळा गेला. सर दर सकाळी यायचे, रकान्याकडे बघायचे, आणि मोडेम बंद करून प्रोग्रामातली आणखी एखादी चूक काढत बसायचे. एक चूक मात्र काही केल्या निघत नव्हती. ओळीच्या शेवटी जोडाक्षर आलं की ते फुटायचं, अर्धं वरच्या ओळीत आणि अर्धं खालच्या. सर तासन् तास तिच्यामागे असायचे. आणि मला हळूहळू उमगलं, की नाव हे निमित्त आहे. या माणसाला ते सोडवत नाहीये. मशीनची डिस्क तेव्हा टकटक वाजायला लागली होती, दमट हवेने फ्लॉप्यांवर बुरशी धरत होती. ठेवून घेतलं तरी जाणार होतं आणि दिलं तरी जाईल असं त्यांना वाटत होतं. बोलून उपयोग नव्हता.

पावसाळा सरत आला तेव्हा कापडे सुट्टीवर आला आणि पुतण्याच्या बारशाचं आमंत्रण देऊन गेला. सर, वहिनी आणि मी, तिघे एसटीने कापड्याला उतरलो आणि वाट चढायला लागलो. दोन्ही बाजूंना भात लोंबीला आलेलं, वाटेवर म्हशी. सर प्रत्येक म्हशीला वाट देत होते. "या, या तुम्ही आधी." वहिनी मागून म्हणाल्या, "बघा बाई, माझ्याशी इतक्या आदराने बोललेले आठवतात का तुम्हाला?"

वाडीवर पोचलो तर घरात धामधूम, पण पाळणा सजलेला दिसेना. कापडेच्या वहिनीची आधीची दोन मुलं तान्ही असतानाच गेली होती. हे तिसरं. म्हणून आधी एक वेगळा विधी होता. कोऱ्या सुपात गोधडीची घडी, त्यावर ते बाळ, काळंसावळं, मुठी आवळलेलं. आईने सूप उचललं, अंगणाबाहेर नेलं आणि उकिरड्याच्या कडेला ठेवलं. ठेवून मागे वळूनही न बघता घरात गेली. मी पुढे व्हायला निघाले. पण शेजारीण तिथे पदर खोचून तयारच उभी होती. तिने सूप लगेच उचलून छातीशी धरलं आणि अंगणात आली.

कापडेची चुलती दारात बसली होती. तिने मोठ्याने विचारलं, "कोनाचा हाय गो ह्यो?"

"माजा हाय. उकिरड्यावर गावला मला."

"देतंस काय आम्हाला?"

"मूठभर कोंडा द्या नि घेऊन जावा. न्हायतरी काय कामाचा हाय?"

चुलतीने परातीतला भाताचा कोंडा मूठभर तिच्या ओच्यात टाकला आणि सूप घेतलं. सगळ्या बायका खो खो हसल्या. पोराचं नाव ठेवलं कोंडू. कोंड्याच्या मोलाने मिळाला म्हणून कोंडू.

सर ओटीवर बसून हे सगळं टक लावून बघत होते. जेवणं झाल्यावर ते चुलतीजवळ जाऊन बसले. "मावशी, असं का करायचं?"

"आपला म्हटला की नजर लागती, बाबा. मिरवायचा नाय. लोकाचा करून टाकायचा. जो आपला नाय, उकिरड्यावरचा हाय, त्याला कोन कशाला न्येल?"

"आणि मग पोर कोणाचं?"

"आता कोनाचं म्हंजे? हितं जेवल, तितं निजल. ती बी बघल, आम्ही बी बघू. दोन घरं झाली नाय का त्याला? जगला म्हंजे झालं."

उतरताना सरांचं लक्षच नव्हतं. म्हशी आल्या, गेल्या, त्यांना 'या' नाही की 'बसा' नाही. महाडच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र एकदम म्हणाले, "बाई, उद्या येताना घरून सूप घेऊन या. कोरं असलं तर बरं."

आईला सूप कशाला हवंय ते सांगताना माझी काय त्रेधा उडाली, ते राहू दे. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतून भर सकाळी सूप मिरवत मी माडीवर गेले. वहिनींनी शाळेला दांडी मारली होती, जे त्या कधी म्हणजे कधी करत नसत. जिन्याखाली आमचा उकिरडा होता. मोडके कीबोर्ड, शाईच्या वाळलेल्या रिबिनी, मेलेले माउस. सरांनी 'हेच'च्या फ्लॉप्या आणल्या, वहिनींच्या जुन्या साडीच्या तुकड्यावर सुपात ठेवल्या आणि सूप त्या ढिगाऱ्याच्या कडेला नेऊन ठेवलं. मग मागे न बघता जिना चढून वर गेले.

मी उभीच. हसावं की काय करावं कळेना. डॉक्टर दारात येऊन उभे, त्यांच्यामागे दोन पेशंट. वहिनी हळूच म्हणाल्या, "उचला ना, बाई. खाली फार वेळ ठेवायचं नसतं." तेव्हा बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते. मी सूप उचललं. वर गेले.

"कोणाचं आहे हो?" सरांनी विचारलं.

"माझं आहे. उकिरड्यावर सापडलं."

"द्याल आम्हाला?"

"मूठभर कोंडा द्या आणि न्या."

गिरणीतून आणलेला कोंडा त्यांनी कागदाच्या पुडीतून माझ्या ओंजळीत घातला आणि सूप घेतलं. घेतलं ते छातीशीच धरलं. मग म्हणाले, "बाई, मोडेम लावा."

नावाच्या रकान्यात मी इंग्रजी अक्षरांत 'कोंडू' टाइप केलं. लाल अक्षरं आली नाहीत. साऱ्या जगात हे नाव अजून कुणी घेतलं नव्हतं. पुढचा रकाना होता, प्रोग्रामचा मालक. मी सरांचं नाव टाइप करायला लागले तर त्यांनी माझा हातच धरला. "छे, छे. सापडला कोणाला? तुमचं टाका." मी पुष्कळ सांगितलं, की मला यातलं धड काही येत नाही, उद्या कुणी काही विचारलं तर मी काय सांगू. सर ऐकेनात. स्वतःला त्यांनी खाली मदतनीसांत घातलं.

शेवटचा रकाना, प्रोग्रामची माहिती. इथे लोक आपल्या वस्तूची स्तुती करतात, असं मी शेजारचे दहा-बारा प्रोग्राम उघडून सरांना दाखवलं. सरांनी मान हलवली आणि सांगितलं, लिहा. मी ते इंग्रजीत लिहिलं, ते मराठीत असं होतं. 'हा प्रोग्राम काही खास नाही. याने देवनागरी अक्षरं लिहिता येतात. आम्हाला हा उकिरड्यावर सापडला. मूठभर कोंडा देऊन घेतला. कोणाला न्यावासा वाटला तर न्यावा.'

दोन वेळा वीज गेली, एकदा फोन मेला, पण दुपारपर्यंत कोंडू जगात गेला.

त्याच सकाळी मुंबईला परतलेल्या कापडेचा संध्याकाळी फोन. "बाई, काय लिवलाय ह्ये? लोकं बोलतील, कचऱ्यातला माल हाय, कोन हात लावनार? वर्ल्ड क्लास लिवा, फास्ट लिवा!" मी फोन सरांकडे दिला. सर म्हणाले, "अहो कापडे, तुमच्याच घरून शिकून आलो." तो म्हणाला, "ठीक हाय सर. राहू द्या."

पण त्याचं म्हणणं खरं ठरतंय असं दिसायला लागलं. दिवाळी गेली, थंडी पडली. कोंडू किती जणांनी नेला ते तिथे दिसायचं, आणि नेणारे आम्हीच. मी, कापडे, वहिनींच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई. मी रोज मोडेम लावून माझं टपाल बघायची आणि सर काही न विचारता माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. मी मान हलवली की जाऊन कीबोर्ड झटकायचे, वार कुठलाही असो. लग्नपत्रिका नुसत्याच साचत चालल्या होत्या. वहिनी शाळेतून आल्या की माझ्याकडे बघायच्या. तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा असायचा आणि कुणीच विचारत नव्हतं.

होळीच्या सुमाराला एक दिवस टपालात अनोळखी माणसाचं इंग्रजी पत्र आलं. नेपाळातल्या कुठल्याशा डोंगराळ भागातले शाळामास्तर. मलाच 'डियर सर' म्हणून लिहिलं होतं. त्यांच्याकडेही देवनागरीच, शाळेत जुनाट मशीन, चालेल असा प्रोग्राम शोधत होते. पुढे लिहिलं होतं: 'इथे सगळेच आपला प्रोग्राम उत्तम आहे म्हणतात. तुमची माहिती वाचून मी थांबलो. माझ्या वडिलांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आजीने त्यांना परक्या घरी विकून परत घेतलं होतं, आणि नावही असंच कुणी नेऊ नये असं ठेवलं होतं. ते आता म्हातारे झाले आहेत. म्हणून मी कोंडू उघडून बघितला. फार चांगला आहे. ओळीच्या शेवटी जोडाक्षर तुटत होतं, ते मी माझ्या परीने दुरुस्त केलं आहे. सोबत पाठवतो. बघून घ्यावं.'

मी पत्र मोठ्याने वाचत होते. 'विकून परत घेतलं'पाशी मी थांबले. सरांनी खुर्ची ओढली आणि पुढचं स्वतः वाचलं. मग सोबत आलेल्या ओळी वाचल्या. एकदा, परत एकदा, बोट पडद्यावर ठेवून. "अस्सं," एवढंच म्हणाले. "अस्सं होय." त्यांनी त्या ओळी प्रोग्रामात घातल्या, कोंडू चालू केला आणि एक लांबलचक वाक्य टाइप करायला लागले. ओळ भरत आली. शेवटी त्यांनी मुद्दाम एक अवघड जोडाक्षर घातलं. अक्षर कडेला पोचलं, थबकलं, आणि सगळंच्या सगळं, अख्खं, खालच्या ओळीत जाऊन बसलं.

सरांनी हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, ते हसतायत. ते रडत होते आणि ते लपवायचं त्यांना सुचतही नव्हतं. मलाही रडू आलं. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, आणि तो आनंद माझा एकटीचा नाही याचाच जास्त झाला.

तेवढ्यात वहिनी शाळेतून जिना चढून आल्या. आम्हा दोघांची तोंडं बघून त्यांच्या हातातली पिशवी गळाली. त्या दारातच थबकल्या आणि पडद्याकडे बोट करून त्यांनी कसंबसं विचारलं, "काय झालं? नेलं का कुणी?"

"नेलं," सर म्हणाले. "आणि नीट करून परत आणून दिलं."